आपला रस्ता : मुरूम ते काँक्रीट

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी सोसायटीच्या इतिहासावर काहीतरी लिहा, असा आग्रह संपादक मंडळाने धरला. माझी निवड माझ्या लेखनामुळे झालेली नाही, माझ्या माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीमुळे झाली आहे, हे मी आधीच कबूल करतो. १९९९ पासूनची परिपत्रके, इतिवृत्ते, पावत्यांच्या स्थळप्रती आणि कोणाकोणाच्या तक्रारींचे कागद त्या पेटीत आहेत. बँकेत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला कागद फेकून देववत नाही. आमच्या घरात यावरून जी बोलणी बसतात, ती इथे लिहीत नाही.

लिफ्ट, बोअरवेल, पार्किंग, गणेशोत्सव यांवर इतर सभासद लिहितीलच. मी रस्त्यावर लिहायचे ठरवले. मुख्य रस्त्यापासून आपल्या फाटकापर्यंतचा साधारण साडेतीनशे मीटरचा हा तुकडा. आजची तरुण मंडळी त्यावरून गाडी काढताना खाली बघतसुद्धा नाहीत. पण हा रस्ता दोनदा झाला आहे. पहिल्यांदा झाला तेव्हा मी सोसायटीचा सचिव होतो आणि माझ्या हातून एक चूक झाली. ती पंचवीस वर्षांच्या हिशोबात यायला हवी, म्हणून हा लेख.

चिखलाची वर्षे

१९९९ साली आपली सोसायटी नोंदली गेली. ताबा मिळाला तेव्हा बिल्डरच्या माहितीपत्रकात 'प्रशस्त पोहोच रस्ता' असे छापले होते. प्रत्यक्षात ती दोन शेतांमधली बैलगाडीची वाट होती. दोन्ही बाजूंना बाभळी, मध्ये चाकोरीचे दोन खोल चर आणि खाली अस्सल काळी माती. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की भेगाळते. उन्हाळ्यात तिच्या भेगेत सायकलचे चाक अडकायचे, पावसाळ्यात चप्पल.

रिक्षावाले मुख्य रस्त्यावरच थांबायचे. "काका, आत नाय येत, गाडी रुतती," हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. मुलांच्या शाळेच्या बुटांसाठी मुख्य रस्त्यावरच्या किराणा दुकानात एक खोके ठेवले होते. इथून अनवाणी किंवा गमबुटात जायचे, दुकानाच्या नळावर पाय धुवायचे आणि बूट घालून व्हॅनमध्ये बसायचे. पहिल्या वर्षीचा गणपती आपण टेम्पोने आणू शकलो नाही. चौघांनी पाटावर धरून, गुडघाभर चिखलातून 'मोरया' म्हणत आणला. तो फोटो याच अंकात कुठेतरी असेल. त्यात डावीकडचा, ज्याचे धोतर पोटरीपर्यंत काळे झाले आहे, तो मी.

पहिली दोन वर्षे आपणच वर्गणी काढून डबर आणि मुरूम टाकला. रोलर परवडला नाही, म्हणून ट्रकच पुढे-मागे फिरवून दाबला. जुलैत सगळा मुरूम खालच्या ओढ्याकडे गेला. दुसऱ्या वर्षी पुन्हा टाकला, पुन्हा गेला. तो नेमका कोणत्या बाजूने वाहून जातो, हे मात्र आम्ही कोणी नीट पाहिले नाही. पाहिले असते, तर पुढचे बरेच टळले असते.

थोडे मागे जाऊन

रस्ता हा विषय मला तसा नवीन नव्हता. १९७२ च्या दुष्काळात मी बी.कॉम. होऊन गावी बसलो होतो. तेव्हा दुष्काळी कामावर काही महिने हजेरी मस्टर लिहिण्याचे काम मी केले. शेकडो बाया-माणसे उन्हात बसून खडी फोडायची. मुलांना सुकडी मिळायची. मजुरी आणि धान्य मिळत होते, लोक जगत होते, आणि ते मोलाचेच होते. याच अनुभवातून पुढे महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली. पण रस्ता कुठून न्यायचा, हे त्या खडी फोडणाऱ्यांना कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. आमच्या कामावरच्या एका म्हाताऱ्या गड्याने मुकादमाला सांगितले होते, "हितनं नगं, हितनं वढा फिरतो." मुकादम हसला. दोन वर्षांनी पाऊस झाला आणि तिथेच भराव फुटला. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. मीही हसलो होतो.

पुढे वाचनाची आवड म्हणून रस्त्यांबद्दल जे हाती लागले ते वाचत गेलो. बोरघाटातून गाडी जाईल असा पक्का रस्ता १८३० साली मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत खुला झाला. त्याच काळात स्कॉटलंडच्या जॉन मॅकॅडमची पद्धत जगभर पसरत होती. आजही सरकारी अंदाजपत्रकात खडीकरणाला 'डब्ल्यू.बी.एम.' म्हणतात, त्यातला शेवटचा 'एम' म्हणजे हाच मॅकॅडम. त्याचे म्हणणे अगदी साधे होते. गाडीचे वजन शेवटी खालची जमीनच पेलते आणि कोरडी जमीन ते चांगले पेलते. म्हणून रस्ता थोडा उंच आणि मध्ये फुगीर ठेवा, बारीक फोडलेल्या खडीचा घट्ट थर द्या आणि पाणी आत शिरू न देता बाजूला काढा. थोडक्यात, रस्त्याचा खरा शत्रू पाणी.

आपल्या देशात रस्त्यांचा एकत्रित विचार सुरू झाला, त्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. १९२७ साली मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्ते विकास समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींवरून पेट्रोलवरच्या जादा करातून १९२९ साली केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला आणि १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था स्थापन झाली. हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. विद्यापीठातल्या जयकर ग्रंथालयात आपल्या सोसायटीतली किती तरी मुले अभ्यासाला जाऊन बसली आहेत. त्यानंतर १९४३ साली नागपूरला मुख्य अभियंत्यांची परिषद भरली आणि 'नागपूर आराखडा' तयार झाला. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा रस्ते आणि शेवटी ग्रामरस्ते अशी वर्गवारी तिथे ठरली. त्या उतरंडीत सर्वांत खाली गावचा रस्ता. आपल्यासारखी बिनशेती प्लॉटमधून निघालेली गल्ली तर त्या यादीच्याही खाली. तिचा मालक कोण, ती दुरुस्त कोणी करायची आणि तिच्याबद्दल बोलायचे कोणी, हे सगळे अधांतरी.

२००३ : माझे परिपत्रक

पुण्याभोवतालची ३८ गावे १९९७ साली महापालिकेत घेतली गेली, पण पुढे चार-पाच वर्षांत त्यातली काही परत वगळली. आपले गाव वगळलेल्यांत होते. म्हणजे आम्ही शहराचा पत्ता सांगायचो आणि घरपट्टी ग्रामपंचायतीत भरायचो. २००३ च्या सुरुवातीला आपण रस्त्यासाठी ग्रामपंचायतीकडे गेलो. त्यांचे म्हणणे रास्त होते. रस्त्याची नोंद आधी रस्त्यांच्या नोंदवहीत झाली पाहिजे, त्यासाठी जमीनमालकांची संमती पाहिजे आणि 'सर्व रहिवाशांची मागणी व मान्यता' असा कागद पाहिजे. मग विषय १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत घेऊ.

या रस्त्यावर तेव्हा आपली धरून चार सोसायट्या होत्या. चौघांची मिळून रस्ता समिती झाली आणि मान्यतेचा कागद तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. मी ते बँकेत करतो तसे चोख केले. चारही सोसायट्यांच्या सभासद नोंदवह्या मागवल्या. भाग दाखल्याच्या क्रमांकाप्रमाणे यादी केली. कार्बन घालून प्रश्नावली टाईप केली. त्यात तीन पर्याय होते: डांबरीकरण, काँक्रिटीकरण किंवा पेव्हिंग ब्लॉक. प्रत्येकापुढे सदनिकेमागे येणारी अंदाजे वर्गणी आणि शेवटी सहीची जागा. मुदत पंधरा दिवस.

त्यानंतर चारही सोसायट्यांची संयुक्त सभा आपल्या पार्किंगमध्ये झाली. सभेला गणपूर्ती होईना, म्हणून नियमाप्रमाणे अर्धा तास तहकूब केली आणि तितक्याच माणसांत पुन्हा सुरू केली. तेवढ्या वेळात दोन किटल्या चहा झाला. बहुमत डांबराला मिळाले, कारण ते स्वस्त होते.

सभेत मागच्या बाजूला एक बाई उभ्या होत्या. ओढ्याच्या अंगाला जी नऊ बैठी घरे आहेत, तिथल्या. आपल्याकडे दारोदार भाजी घेऊन यायच्या, आपण सगळे त्यांना मावशीच म्हणायचो. त्यांना निमंत्रण नव्हते. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडलेल्या पाहून त्या टोपली खाली ठेवून थांबल्या होत्या. विषय संपत आला तेव्हा त्या म्हणाल्या, "सायेब, रस्ता उंच झाल्याव पानी कुठं जायाचं?"

थोडा हशा झाला. मी म्हणालो, "मावशी, ते इंजिनिअर बघतील." त्यांनी टोपली डोक्यावर घेतली आणि त्या गेल्या.

तो इतिवृत्ताचा कागद आज माझ्यासमोर आहे. अक्षर माझेच. मुद्दा क्रमांक ६ : 'एका महिलेने पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याबाबत विचारणा केली. त्याबाबत योग्य ती कार्यवाही करण्याचे ठरले.'

हे वाक्य मी बँकेत हजार वेळा लिहिले असेल. त्याचा अर्थ असा की काहीच ठरलेले नाही.

ग्रामपंचायतीला जो कागद गेला, त्यावर मी लिहिले : 'सदर रस्त्यावरील सर्व रहिवाशांना विचारात घेऊन मान्यता घेण्यात आली आहे.' आता ती यादी पुन्हा पाहतो तेव्हा त्यातली भोके दिसतात. भाडेकरू एकही नाही, कारण ते सभासद नाहीत. ओढ्याकडची नऊ घरे नाहीत, कारण ती कोणत्याच सोसायटीत नाहीत आणि वर्गणीही देणार नव्हती. प्रश्नावलीत 'पाणी' हा शब्द कुठेच नाही. रस्त्याला कोणता पोशाख घालायचा एवढेच मी विचारले होते. त्याने कोणाचे काय बिघडेल, हे विचारलेच नव्हते.

गंमत अशी की कायदा माझ्यापेक्षा शहाणा होता. सहकारी संस्थेत मत सभासदाला असते, कारण तो मालमत्तेचा कारभार आहे. पण ग्रामसभा म्हणजे गावाच्या मतदार यादीतला प्रत्येक माणूस. १९९३ साली ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली तेव्हा घटनेतच ही व्याख्या आली. मालक असो, भाडेकरू असो, पत्र्याच्या घरातला असो. रस्ता हा ग्रामसभेचा विषय होता आणि मी त्याची मोजणी सोसायटीच्या भाग दाखल्यावर केली. १५ ऑगस्टला झेंडावंदनानंतर ग्रामसभा झाली, आपला कागद वाचला गेला, 'सर्व रहिवाशांची मान्यता' हे शब्द ऐकून कोणी काही विचारले नाही, आणि ठराव मंजूर झाला. माझा नीटनेटका कागद नसता, तर कदाचित कोणीतरी उठून बोलले असते.

२००५ : उंबऱ्यावरची ओळ

२००४ च्या उन्हाळ्यात काम झाले. खाली डबर, वर खडी, दबाई, मग डांबराचा थर. रस्ता जुन्या वाटेपेक्षा चांगला नऊ-दहा इंच वर आला. आपण नारळ फोडला, पेढे वाटले. पहिली रिक्षा आत आली, तिच्या ड्रायव्हरलाही पेढा दिला. तो पावसाळा बेताचाच गेला.

२००५ चा पावसाळा सर्वांना आठवतो. त्या वर्षी २६ जुलैला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवसांत आपल्याकडेही आभाळ फाटल्यासारखेच होते. एका सकाळी दूध आणायला गेलो तर ओढ्याकडच्या घरांसमोर माणसे बादल्यांनी पाणी उपसत होती. रस्ता कोरडा, स्वच्छ, काळाभोर. सगळे पाणी त्याच्या पलीकडे साठलेले.

मावशींच्या घरात गुडघ्याच्या खाली एवढे पाणी होते. गाद्या पत्र्यावर टाकलेल्या. नातवाची वह्या-पुस्तके त्यांनी चुलीजवळच्या दोरीवर एकेक पान उलगडून वाळत घातली होती. उंबऱ्यावर विटांची एक ओळ सिमेंटमध्ये बसवलेली दिसली. ती जुनी वाटत होती. मी विचारले, ही कधी केली? त्या म्हणाल्या, "तुमचा रस्ता झाला तवाच. म्हनलं, एवडी तरी आपली आपुन करावी. पर पानी इटंच्या वरनं आलं."

म्हणजे सव्वा वर्ष त्यांना माहीत होते. मग त्यांनी मला रस्त्यावर नेले आणि आंब्याच्या झाडाजवळची जागा दाखवली. तिथे जुन्या वाटेवर आडवी एक उथळ चारी होती. वरच्या शेतांचे सगळे पाणी त्या चारीतून वाट ओलांडून ओढ्याला जायचे. आमचा मुरूम दोन वर्षे तिथूनच वाहून गेला होता. कंत्राटदाराने ती खड्डा समजून बुजवली होती. आणि बुजवताना तिथे हजर होतो कोण, तर रस्ता समितीच्या वतीने मी. 'छान लेव्हल आली,' असे म्हणाल्याचेही आठवते.

मावशी रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्या आठवड्यात त्यांनी नेहमीप्रमाणे आपल्या दारात मेथी आणली आणि नेहमीप्रमाणे दोन रुपये कमी घेतले.

तातडीची सभा घेतली. काही सभासदांचे म्हणणे पडले की ती घरे मुळातच खोलात आहेत, त्यात आपला काय दोष? एकाने विचारले, "आपण वर्गणी भरली, आता दंडही आपणच भरायचा का?" मी माझे इतिवृत्त काढून मुद्दा क्रमांक ६ वाचून दाखवला. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग चारही सोसायट्यांनी पुन्हा वर्गणी काढली आणि आंब्यापाशी रस्ता आडवा फोडून दोन सिमेंटच्या नळ्यांची मोरी घातली. ती वर्गणी द्यायला तीन सभासदांनी शेवटपर्यंत नकार दिला. त्यांची नावे माझ्या वहीत आहेत, पण ती इथे यायचे कारण नाही. २००७ साली मी सचिवपद सोडले.

दुसरा रस्ता

ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावे पुणे महापालिकेत आली, त्यांत आपण आलो. तोवर डांबराची चाळण झाली होती. डांबराचे आणि पाण्याचे वाकडे आहे. पाणी साचले की डांबर खडीला सोडते. त्यातच जलवाहिनीसाठी एकदा, ड्रेनेजसाठी एकदा आणि केबलसाठी दोनदा खोदाई झाली. प्रत्येकाने आपापला चर मातीने बुजवला आणि निघून गेला.

२०१९ मध्ये काँक्रीटचा विषय निघाला. पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांनी आपल्या प्रभागातली कामे अंदाजपत्रकासाठी सुचवायची पद्धत आहे. आपणही त्यासाठी अर्ज करायचे ठरवले. आपल्या तेव्हाच्या तरुण सचिव मॅडम माझ्याकडे जुनी फाईल मागायला आल्या. मी फाईल दिली आणि म्हटले, "यात एक परिपत्रक आहे, त्याच्यासारखे काही करू नका. कारण विचाराल तर बसून सांगतो." त्या बसल्या. त्या दिवशी मी पहिल्यांदा ही सगळी हकिगत कोणाला तरी सलग सांगितली.

त्यांनी जे केले ते पुढच्या पिढीसाठी नीट नोंदवून ठेवतो, कारण खरा उपयोग त्याचाच आहे.

एक. यादी सभासदांची केली नाही, दारांची केली. या रस्त्यावर जितकी दारे उघडतात तितकी. त्यात भाडेकरू आले, नऊ बैठी घरे आली, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला आला, आपले दोन्ही वॉचमन आले. शाळेच्या व्हॅनचा ड्रायव्हर इथे राहत नाही, तरीही त्याला विचारले, कारण दिवसातून सहा वेळा तो इथून जातो.

दोन. विचारायला माणसे पावसात गेली. जुलैतल्या एका रविवारी छत्र्या घेऊन पंधरा-वीस जण या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. पाणी जिथे थांबते तिथे भिंतीवर खडूने खूण केली. खडू पुसला जायला लागला, म्हणून कोणीतरी विटेचा तुकडा आणला. घरात बसून 'पाणी साचते का?' असे विचारले असते तर निम्म्यांनी 'नाही' लिहिले असते.

तीन. प्रश्न बदलले. कोणता रस्ता हवा, हा प्रश्न शेवटी घेतला. आधी विचारले : आज या रस्त्यावर तुम्हाला कशाचा त्रास होतो? आणि तो पक्का केल्यावर तुमचे काय बिघडू शकते?

उत्तरे आली ती आम्ही कोणी कल्पिली नव्हती. तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारी, रात्रपाळी करून येणारी मुलगी म्हणाली, रस्ता कसाही असो, मधला दिवा आधी लावा. गुडघ्याच्या त्रासाच्या आजी म्हणाल्या, फाटकापाशी पायरी होऊ देऊ नका, उतार द्या. इस्त्रीवाला म्हणाला, "साहेब, काँक्रीट झालं की पोरं गाड्या जोरात हाणणार, गतिरोधक टाका." बैठ्या घरांतून एकच मागणी आली. या वेळी ती मावशींच्या सूनबाईंनी मांडली, मावशी तोवर आपल्यात नव्हत्या. "रस्ता वर चढवू नका. जुना उकरून काढा आणि मग करा."

काही जणांचा काँक्रीटला विरोधच होता. ते तापते, पाणी जमिनीत मुरू देत नाही, उद्या पुन्हा खोदायची वेळ आली तर फोडायचे कसे, असे त्यांचे म्हणणे. ते चूक नव्हते. सभेत दोन तास वाद झाला. शेवटी असे ठरले : जुना थर खरवडून काढायचा, पाण्याच्या, ड्रेनेजच्या आणि केबलच्या नळ्या आधीच टाकून घ्यायच्या, मध्ये काँक्रीट, दोन्ही कडांना पाणी मुरेल असे ब्लॉक आणि आंब्यापाशी मोठी मोरी. आंबा तोडायचा नाही, रस्ताच तिथे थोडा अरुंद करायचा. त्यामुळे दोन गाड्यांची पार्किंगची जागा गेली. ज्यांची गेली ते आजही माझ्याशी जेमतेम बोलतात. सात घरांनी अखेरपर्यंत विरोध नोंदवला. सचिव मॅडमनी त्यांची कारणे इतिवृत्तात शब्दशः लिहिली, प्रत्येकाच्या नावानिशी, आणि खाली त्यांच्या सह्या घेतल्या. 'योग्य ती कार्यवाही' हे शब्द त्या इतिवृत्तात कुठेही नाहीत. मी मुद्दाम शोधले.

प्रभागाच्या कनिष्ठ अभियंत्यांनी विटेच्या खुणांचा नकाशा पाहिला आणि रस्त्याची पातळी त्यावरून धरली. काँक्रीटच्या रस्त्याला मध्यापासून कडेपर्यंत साधारण दर मीटरला दोन सेंटिमीटर उतार देतात. म्हणजे सहा मीटर रुंद रस्ता मध्ये सहा सेंटिमीटर उंच. एवढ्या बोटभर गोष्टीवर कोणाचे घर कोरडे राहते ते ठरते, हे मला सत्तरीत कळले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि काम थांबले. २०२१ च्या सुरुवातीला ते पुरे झाले. काँक्रीट ओतल्यावर २८ दिवस त्यावर मातीचे आळे करून आणि गोणपाट टाकून पाणी धरले होते. त्या २८ दिवसांत सगळ्यांच्या गाड्या मुख्य रस्त्यावर उभ्या होत्या आणि आपण पुन्हा एकदा पिशव्या घेऊन चालत येत होतो. जुन्या सभासदांना ते दिवस आवडले, असे मला वाटते.

पहिला मोठा पाऊस झाला तेव्हा निम्मी सोसायटी छत्र्या घेऊन रस्त्यावर पाणी बघायला उभी होती. मी आंब्यापाशी गेलो. मोरीतून पाणी खळाळत ओढ्याकडे जात होते. मावशींच्या घराच्या उंबऱ्यावर विटांची ती ओळ अजून आहे. सूनबाईंना म्हटले, आता काढून टाका. त्या म्हणाल्या, "असू द्या काका. पाऊस कुणाला सांगून येतो?"

सगळे सुरळीत झाले असे नाही. दुसऱ्या फाटकापाशी अजूनही तळे होते, मधला दिवा महिन्यातून दोनदा बंद पडतो आणि इस्त्रीवाल्याचा गतिरोधक इतका उंच झाला आहे की माझी जुनी स्कूटर खालून घासते.

तरुण सभासदांनो, आपल्या इमारतींना पंचवीस वर्षे झाली. आता पुनर्विकासाची कुजबुज सुरू झाली आहे. येत्या काही वर्षांत पुन्हा एकदा फॉर्म वाटले जातील, सह्या गोळा होतील आणि कोणीतरी माझ्यासारखा चोख माणूस टक्केवारी काढील. कायद्याने मत सभासदाचे आणि ते तसेच असायला हवे. पण ज्यांना मत नाही आणि ज्यांच्या दारातून आपल्या कामाचे पाणी जाणार आहे, त्यांना विचारायला कायद्याने कधी बंदी केलेली नाही. तेव्हा मागे टोपली घेऊन कोणी उभे असेल, तर त्यांना आधी खुर्ची द्या आणि त्यांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.

पत्र्याची पेटी मी आता सोसायटीच्या कार्यालयात देतो आहे. मुद्दा क्रमांक ६ चे पान वरच ठेवले आहे. रौप्यमहोत्सवाच्या सर्वांना शुभेच्छा.